पलंगाशेजारचं टेबल आवरायचं कसं? अंधारात हात जातो तिथून सुरुवात करा

नमस्कार मंडळी! आज फक्त एकाच वस्तूबद्दल बोलू या: पलंगाशेजारचं छोटं साइड टेबल. वर दीड फूट बाय सव्वा फुटाची जागा, खाली एक ड्रॉवर, फार तर एखादा उघडा कप्पा. जागा एवढीशी, पण पसारा भलताच चिवट, कारण दिवसभर हातात आणि खिशात असलेलं सगळं झोपताना इथंच टेकवलं जातं.

म्हणून आवरायला घेण्याआधी एक कसोटी पक्की करा. रात्री आडवं झाल्यापासून सकाळी उठेपर्यंत जे लागतं आणि दिवा न लावता हाताला लागायला हवं, तेवढंच इथं राहील. बाकीची वस्तू कितीही उपयोगी असली तरी तिची जागा दुसरीकडे.

काम सकाळी काढा. पलंगावर जुनी चादर अंथरा आणि टेबलावरचं, ड्रॉवरमधलं, कप्प्यातलं सगळं तिच्यावर काढा. रात्री झोपायला पलंग लागणारच, त्यामुळे काम अर्धवट सोडता येत नाही.

(कॅमेरा ड्रॉवरच्या बाजूला)

ड्रॉवर नुसता रिकामा करू नका, पूर्ण बाहेर काढा. टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर ज्यावर सरकतो ते एकात एक बसणारे धातूचे रूळ) असेल तर दोन्ही बाजूंना काळी प्लास्टिकची छोटी पट्टी दिसेल. बहुतेक चॅनेलमध्ये एका बाजूची पट्टी वर आणि दुसरीकडची खाली दाबावी लागते, दोन्ही एकाच वेळी, आणि मग ड्रॉवर सरळ आपल्याकडे ओढायचा. दोन्ही एकाच दिशेला दाबल्या की एक बाजू अडकते, माणूस जोर लावतो आणि चॅनेल वाकतं. परत बसवताना आतली छर्‍यांची पट्टी आधी पुढे ओढून घ्या, मग दोन्ही बाजू एकदम सरकवा. मागच्या पोकळीत हात घालून बघा. कानातल्याच्या हरवलेल्या फिरक्या, टाचण्या, गोळ्या, सगळं तिथंच सापडतं.

आधी कोरड्या ब्रशने कोपरे झाडा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. ड्रॉवरचा तळ बहुतेक वेळा पातळ हार्डबोर्डचा असतो. ओलं फडकं फिरवलं की तो फुगतो, मधे पोक काढतो आणि ड्रॉवर घासायला लागतो. पावसाळ्यात तर पुसल्यावर तासभर पंख्याखाली ठेवाच. पिठासारखा बारीक भुसा दिसला तर लाकूड पोखरलं जातंय. मातीची रेघ दिसली तर वाळवी आहे. अशा वेळी आवराआवर थांबवून आधी त्याचा बंदोबस्त करा. पलंगाच्या पाठीला चिकटवलेल्या टिकल्यांचा डिंक निघत नसेल तर सनमायकावर खोबरेल तेलाचं बोट लावून दहा मिनिटं थांबा आणि फडक्याने पुसून घ्या.

आता औषधं. इथं घाई नको, कारण या ड्रॉवरमधली खरी जोखीम यांचीच आहे. पट्टी कात्रीने कापली की मुदतीची तारीख असलेला तुकडा पहिल्यांदा जातो आणि बिननावाची, बिनतारखेची गोळी उरते. अशी गोळी ठेवू नका. यापुढे तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत राखून दुसऱ्या बाजूने गोळ्या काढा. डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडली की तिच्यावर त्याच दिवशी तारीख लिहा. बरेचसे थेंब उघडल्यावर महिनाभरातच संपवायचे असतात, नेमकी मुदत बाटलीवर किंवा खोक्यावर बघा. कानाचे थेंब आणि झटपट चिकटणारा गोंद या बाटल्यांच्या जवळ अजिबात नकोत. झोपेत आणि चष्म्याशिवाय तिन्ही सारख्याच लागतात.

रोजच्या गोळ्यांसाठी सात वारांची डबी घ्या. झोपेत "गोळी घेतली की नाही?" असा प्रश्न पडला, तर आजचा कप्पा रिकामा आहे की भरलेला, एवढं पाहिलं की उत्तर मिळतं, दुसऱ्यांदा गोळी घेतली जात नाही. दम्याचा पंप किंवा हृदयाच्या रुग्णाची जिभेखाली ठेवायची गोळी घरात असेल, तर ती ड्रॉवरच्या पुढच्या कोपऱ्यात, मूळ पॅकिंगमध्ये ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र हा सगळा औषधांचा भाग उंचावर, कुलपात. पाऱ्याचा थर्मामीटर आणि रिमोटमधून काढलेल्या चपट्या बटणासारख्या बॅटऱ्याही इथून हलवा. मुलाने बॅटरी गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. मुदत संपलेली औषधं आणि वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या पिशवीत द्या.

मांडणीचा नियम साधा आहे: बुटकं पुढे, उंच मागे. लोक नेमकं उलटं करतात. पाण्याची बाटली उशीजवळ आणि चष्मा तिच्यामागे. मग रात्री चष्म्यासाठी हात जातो आणि बाटली आडवी होते. म्हणून उशीकडच्या पुढच्या कोपऱ्यात बोटभर काठ असलेली ताटली ठेवा, आत मऊ कापड घाला, आणि चष्मा काचा वर करून तिच्यातच. पाणी मागच्या कोपऱ्यात, स्विचबोर्डापासून लांबच्या बाजूला. तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र ही आपली जुनी जोडी इथं उत्तम बसते: तळ रुंद, वर झाकण, वेगळा पेला नको. खाली बशी ठेवा, नाहीतर पॉलिशवर पांढरं कडं उमटतं.

फोन उरलेल्या कोपऱ्यात. उशीखाली चार्जिंग नको, उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. वायरचं टोक टेबलाच्या मागच्या कडेला क्लिपने अडकवा, म्हणजे फोन काढल्यावर ते जमिनीवर घसरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाखाली जमिनीवर सोडू नका. सांडलेलं पाणी तिथंच जातं. बाजूच्या फळीवर स्क्रूने बसवा.

ड्रॉवरसाठी महागडे ट्रे विकत घ्यायची गरज नाही. आतली लांबी, रुंदी, उंची मोजा, प्रत्येक मापातून एक सेंटिमीटर वजा करा आणि त्यात बसतील असे फोनचे, घड्याळाचे रिकामे खोके लावा. मिठाईचे खोके नकोत. पुठ्ठ्यात तूप मुरलेलं असतं, मुंग्या येतात. खाली रबरी जाळीची मॅट घाला, म्हणजे ड्रॉवर ओढताना खोके मागे सरकत नाहीत. तीन कप्पे पुरेत: औषधं, कानातलं-अंगठीसाठी झाकणाची डबी, टॉर्च आणि रुमाल. एखादा खोका मुद्दाम रिकामा ठेवला तर फार चांगलं.

चादरीवर उरलेल्या किल्ल्या, सुटे पैसे, पावत्या टेबलावर परत चढवू नका. याच वस्तूंमुळे पंधरा दिवसांत पुन्हा ढीग होतो. त्यांच्यासाठी दाराजवळ एक वाटी ठेवा. घरात शिरताच खिसे तिथं रिकामे झाले की पलंगापर्यंत काही येत नाही.

वन रूम किचनमध्ये पलंग भिंतीला चिकटून असेल आणि टेबलाला जागाच नसेल तर कापडी खिसा शिवून घ्या. साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 70 लांब जाड कापड लागेल, जुन्या जीन्सचं चालेल. त्यातलं 40 सेंटिमीटर गादीखाली खोचायचं आणि लोंबणाऱ्या 30 सेंटिमीटरवर दोन खिसे शिवायचे. खोचलेला भाग कमी पडला तर वजनाने सगळं खाली ओघळतं. चष्मा एका खिशात, पण केसमध्ये घालूनच ठेवा. टॉर्च आणि औषधाची डबी दुसऱ्या खिशात. पाणी मात्र खिशात नको, ते पलंगाच्या पायथ्याशी झाकण लावून ठेवा.