शंकेचा पंचनामा

मंडळी, हवामान बदलाचा विषय पारावर निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "दुष्काळ काय आज पडायलेत का? बहात्तरला काय झालं होतं?" हा प्रश्न उडवून लावू नका. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० चा, १८७६ चा आणि १९७२ चा, हे सगळे खरे आहेत. मराठवाडा पर्जन्यछायेतच बसलेला आहे. सह्याद्री ओलांडेपर्यंत ढगांतलं बरंचसं पाणी पडून गेलेलं असतं.

पण कडब्याची गंजी जळाली की आपण काय करतो? वीज पडूनही गंजी पेटते, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी पंचनामा होतोच. वीज होती की काडी, हे खुणा बघून ठरवतात. तापमानवाढीचंही तसंच. पूर्वीची कारणं कोणती होती, हा वेगळा प्रश्न. या वेळची खूण कुणाची, ते बघायचं.

पहिली खूण कार्बनची. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. कारखानदारीच्या आधी तो सुमारे २८० होता आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांवरून दिसतं, की गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या आसपासच थांबत आला. मग हा वाढीव माल आला कुठून? कार्बनचे तीन प्रकार असतात. वनस्पती हवेतून हलका कार्बन-१२ जास्त उचलतात आणि कार्बन-१३ कमी. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीव, तेव्हा त्यांत कार्बन-१३ कमी आणि कार्बन-१४ शून्य. आता हवा तपासली तर तिच्यात कार्बन-१३ चं प्रमाण घटतंय, आणि कार्बन-१४ पातळ होत चालल्याचं १९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं. ज्वालामुखीच्या वायूत कार्बन-१३ इतका कमी नसतो, म्हणून ज्वालामुखी निर्दोष सुटला. नुसती झाडं तोडून-जाळून हे झालं असतं तर कार्बन-१४ असा पातळ झाला नसता. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतोय, म्हणजे काहीतरी जळतंय.

इथे एक शंका नेहमी येते. एक लीटर डिझेलचं वजन एक किलोसुद्धा भरत नाही, मग त्यातून जवळपास पावणेतीन किलो वायू कसा निघेल? उत्तर सोपं आहे. कार्बनचं वजन १२ धरलं, तर जळताना तो हवेतला ३२ वजनाचा ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ वजनाचा वायू होतो. जास्तीचं वजन हवेतून आलं. ट्रॅक्टरमध्ये शंभर लीटर डिझेल जळालं की सुमारे २७० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

दुसरी शंका अशी, की निसर्गातून तर याच्या कितीतरी पट वायू निघतो. निघतो, पण निसर्ग तो परत घेतोही. खतावणी मांडून बघा. माणूस कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन वायू सोडतो. दहा लाखांत एक भाग वाढायला सुमारे ७८० कोटी टन लागतात, म्हणजे वाढ पावणेपाच भागांची व्हायला हवी. प्रत्यक्षात ती अडीचच्या आसपास होते. उरलेला माल समुद्र आणि झाडझाडोरा गिळतात. आपण टाकलेल्यापेक्षा वाढ कमी, याचा अर्थ निसर्गाच्या खात्यावर जमा आहे, नावे नाही.

सूर्याचं काय? उपग्रह १९७८ पासून त्याचं ऊन मोजताहेत, त्यात वाढीचा कल नाही. सूर्यच कारण असता तर हवेचे सगळे थर तापले असते. दुसरी खूण इथे दिसते: खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबराचा, थंड होतोय. तिथल्या थंडीला विरळ झालेला ओझोनही काही अंशी कारण आहे, पण त्याहून वरच्या भागात मुख्य हात कार्बन डायऑक्साइडचाच.

"पण हवेत तो ०.०४ टक्के, एवढ्याशानं काय होणार?" याचा अनुभव इथल्या शेतकऱ्याला आहेच. मार्गशीर्षात आभाळ निरभ्र असलं की पहाटेचा पारा खाली जातो, परभणीकडे तर हरभऱ्यावर दव गोठायची वेळ येते. त्याच महिन्यात ढग आले की रात्र उबदार होते आणि तुरीच्या फुलांवर अळीची भीती वाटायला लागते. दिवसाचं ऊन काही वाढलेलं नसतं. जमिनीची ऊब रात्री वर निघून जायची, ती ढग अडवतात. कार्बन डायऑक्साइडही हेच काम करतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून हवेचा ९९ टक्के भाग, पण ते ही ऊब अडवतच नाहीत. अडवणारे वायू थोडेच आहेत, म्हणून त्यांच्यातली वाढ जाणवते.

आता, शंका घेणारे कधी बरोबर ठरलेत का? ठरलेत, आणि ते उघड सांगायला हवं. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २००७ च्या अहवालात छापलं होतं. ते चुकीचं होतं, आणि २०१० च्या जानेवारीत आयपीसीसीनं तशी कबुली दिली. हिमनद्या मागे हटताहेत ही मोजणी मात्र त्या चुकीनं खोटी ठरली नाही. उलट बाजूचं उदाहरण रिचर्ड म्युलर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं. शहरं वाढली म्हणून तापमापकं जास्त दाखवत असतील, ही शंका त्यांनाही होती. त्यांनी सगळ्या नोंदी नव्यानं तपासल्या आणि २०१२ मध्ये जाहीर केलं, की वाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे आहे. शंका घ्यावी तर अशी, हिशेबाला बसणारी.

आपल्याकडे दुसरी चूक जास्त होते. सगळं हवामान बदलाच्या माथी मारायचं आणि मोकळं व्हायचं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यामागे लागोपाठ कमी पाऊस होता, पण वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी पिणारा ऊस त्याच मांजरा खोऱ्यात उभा होता. ऊस कुणी लावला, याचं उत्तर वातावरणात सापडणार नाही. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेही याच हिशेबात धरा.

हवामानाचा वाटा किती, हे पावसाच्या जोरात बघा. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, आणि दिवसभरात कोसळणारा अतिजोरदार पाऊस जगभर साधारण त्याच प्रमाणात वाढतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की आपण अतिवृष्टी म्हणतो. एका एकरावर तेवढा पाऊस म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार लीटर. त्याचे सात टक्के म्हणजे एकरी जवळपास दोन टँकर जादा. काळ्या जमिनीच्या भेगा सुरुवातीला पाणी पितात, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तासाला काही मिलिमीटरच मुरतं. हा जादा माल थेट वाहतो, सोबत माती नेतो. रुंद वरंबा आणि सरीवर सोयाबीन पेरायला सांगतात ते यासाठीच: पाऊस कमी असेल तर सरीत ओल राहते, जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं.

ज्यांना मंडळाच्या पाऊस मोजणाऱ्या यंत्रावर भरवसा नाही, त्यांची तक्रार पुष्कळदा खरी असते. यंत्र पाच-सहा किलोमीटरवर आणि ढग तुमच्याच शेतावर फुटला, असं होतं. मग स्वतःचं पर्जन्यमापक ठेवा. सरळ उभ्या बाजूंचं भांडं, काठ पातळीत, झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. पत्र्याच्या पन्हाळीखाली किंवा गोठ्याच्या आडोशाला ठेवलं की आकडा बिघडलाच. रोज सकाळी साडेआठला मोजा, मोजलं की ओतून टाका, आणि वहीत तारीख घालून लिहा. पाऊस पडला नाही त्या दिवशी जागा रिकामी सोडू नका, शून्य लिहा. रिकाम्या जागेचा अर्थ त्या दिवशी कुणी बघितलंच नाही असा होतो, आणि दहा वर्षांनी तिथे काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.