मशीन घेण्याआधी बिलबुक उघडा

मैत्रिणींनो, मघाशी चहाच्या वेळी तिघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, कुठलं स्वाइप मशीन घेऊ?" मी तिघींनाही उलट विचारलं, गेल्या महिन्यात तुमची दोन हजारांच्या वरची बिलं किती झाली? एकीलाही सांगता आलं नाही. म्हणून मशीनचं मागाहून बघू, आधी बिलबुक उघडू.

शे-दोनशेच्या खरेदीला गिऱ्हाईक हल्ली कार्ड काढत नाही, क्यूआर स्कॅन करतं. बँक खात्यातून येणारं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड, दोन्हींवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन पडत नाही. पापड, लोणची, दिवाळीचा फराळ विकणारीला कागदावरचा क्यूआर आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा पुरतो. तिने मशीनचं भाडं उगाच भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन लागतं ते माझ्यासारखीला. साडीचं बिल बारा हजारांचं झालं की बाई पर्समधून क्रेडिट कार्डच काढते. तिथे मशीन नसलं की "जरा एक चक्कर मारून येते" म्हणते आणि परत येत नाही.

आता कमिशनचं. मशीन विकायला येणारा एकच आकडा सांगतो. त्याला डेबिटचा वेगळा आणि क्रेडिटचा वेगळा दर लिहून मागा. वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल, तर मशीनवरच्या डेबिट कार्डाला ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपये, ही कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून घातलेली आहे. हे कमिशन गिऱ्हाइकाच्या बिलात चढवायलाही परवानगी नाही. क्रेडिट कार्डाला मात्र दराची मर्यादा नाही, तिथे घासाघीस करावीच लागते. समजा १.८ टक्के ठरले. बारा हजारांवर २१६ रुपये, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ २५५ रुपये गेले. तेच बिल डेबिटवर झालं तर ५७ रुपयांच्या आत सुटतं. शिवाय भाडं. महिन्याला ४०० धरलं तर जीएसटीसकट ४७२. महिन्यात कार्डाची दोनच बिलं होणार असतील, तर हे भाडं त्या दोन साड्यांच्या नफ्यातून जातं.

मशीन कुठे वापरणार, हेही तितकंच महत्त्वाचं. छोटं मशीन ब्लूटूथने तुमच्या फोनला जोडलेलं असतं. फोनची बॅटरी संपली की तेही बंद. मोठ्यात स्वतःचं सिम असतं, स्लिपचा रोल असतो. काही ठिकाणी आता फोनच मशीन होतो, कार्ड त्याच्या पाठीला टेकवायचं. पण नेटवर्क तिन्हींना लागतं.

हे मी कसं शिकले ते सांगते. एका प्रदर्शनात माझा स्टॉल तळघरात होता. दुपारी एका बाईंनी ९,४०० रुपयांची साडी घेतली. कार्ड घातलं, पिन दाबला, मशीन नुसतं फिरत राहिलं. स्लिप काही आली नाही, पण त्यांच्या मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज आला. मागे रांग होती. मी मेसेज पाहिला आणि साडी पिशवीत घालून दिली. पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत, तीन दिवसांनी त्यांच्याच खात्यात परत गेले. बिलावर त्यांचा नंबर होता म्हणून फोन करता आला, आणि त्या माउलीने त्याच संध्याकाळी रक्कम पाठवली.

तेव्हा मला नियम ठाऊक नव्हता. पैसे कापले आणि स्लिप निघाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत. उशीर झाला तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळते. म्हणून स्लिप नाही तर विक्री नाही. गिऱ्हाइकाला हा नियम नीट समजावून सांगा, ती घाबरलेली असते.

तेव्हा सही करण्याआधी मशीनवाल्याला तुम्ही जिथे विकता तिथेच बोलवा, शोरूममध्ये जाऊ नका. तुमचंच कार्ड घालून पन्नास रुपयांचा व्यवहार करा. दुसऱ्या दिवशी खात्यात किती जमा झाले आणि किती कापले, ते बघा. आणि मशीन परत केल्यावर भाडं कापणं कुठल्या तारखेला थांबेल, ते करारपत्रात त्याच्या हातून लिहून घ्या.