दहा मिनिटांचं मेगर

कोल्हापूर जिल्ह्यातला एक साखर कारखाना. गळीत हंगाम संपलाय, गव्हाण रिकामी आहे आणि पॉवरहाऊसमधला ११ केव्हीचा जनरेटर उघडून ठेवलाय. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटेल. त्याआधी बघायचंय, चार महिन्यांच्या पावसाळी हवेनं या वाइंडिंगचं काय केलंय ते.

स्टेटरमध्ये, म्हणजे जनरेटरच्या स्थिर भागात, बसवलेले हे तांब्याचे बार; हेच वाइंडिंग. भोवती अभ्रकाची टेप, इपॉक्सी रेझिन मुरलेली. काही मिलिमीटरचा हा थर, म्हणजे इन्सुलेशन, हजारो व्होल्ट अडवून धरतो. वरून बोट फिरवा, बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, धूळ लागेल. कोरडी असेल तोवर ती गप्प असते. ओल धरली, की तिच्यातूनच करंट वाट काढतो.

केबल सोडवल्या. एक फेज मेगरला (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र), उरलेले दोन अर्थला. ५००० व्होल्ट डीसी. पहिल्या मिनिटाला एक रीडिंग घ्यायचं, दहाव्याला दुसरं, आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. याला म्हणतात पोलरायझेशन इंडेक्स. सगळे नुसतं ‘पीआय’ म्हणतात. तो निदान २ हवा. शिवाय मिनिटाचं रीडिंग, ४० अंश तापमानाच्या हिशोबानं, किमान १०० मेगाओहम.

घाईत असलेला माणूस मिनिटभरात मेगर गुंडाळतो आणि फसतो. कोरड्या इन्सुलेशनमध्ये पोलरायझेशनचा करंट हळूहळू विरत जातो, म्हणून रीडिंग चढत राहतं. ओल्यात गळतीच एवढी, की हा चढ दिसतच नाही. समजा, ३०० मेगाओहमनं सुरुवात झाली आणि दहा मिनिटांनी काटा ३३० वरच. आकडा छान, पीआय १.१. हीटर लावा!

आता गंमत बघा. वाळवायला घेतलं, की रीडिंग आधी खाली येतं. तापमान दहा अंशांनी वाढलं, तर रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो. नवखा इथंच घाबरतो. ओल निघून गेली, की तेच रीडिंग वर चढायला लागतं.

मेगर बंद झालं तरी वाइंडिंगला हात लावायचा नाही. आत चार्ज साठलेला असतो. दहा मिनिटांच्या टेस्टनंतर निदान चाळीस मिनिटं अर्थिंग ठेवायचं, कुणी कितीही घाई केली तरी.

पीआय चांगला आला, म्हणजे वाइंडिंग कोरडं आणि स्वच्छ आहे, एवढंच कळलं. टेपच्या थरांत कुठं पोकळी असेल, तर ती या टेस्टला सापडत नाही. ती शोधायला एसी व्होल्टेजवर टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणारी ऊर्जा) आणि पार्शल डिस्चार्ज (पोकळीत उडणाऱ्या बारीक ठिणग्या) यांची मोजणी घ्यावी लागते.