दाद देणारे आणि दाम देणारे

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते हौशी चित्रकारांबद्दल. दिवसभराची नोकरी, धंदा, घरकाम, अभ्यास असं काहीतरी उरकून जे रात्री रंगांची पेटी उघडतात, त्यांच्याबद्दल. भरतकाम किंवा मातीकाम करणाऱ्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण दुखणं एकच आहे. चित्राचा फोटो टाकला की वाहवा होते, अंगठे येतात, बदाम येतात. तेच चित्र विकायला काढलं की चिटपाखरू फिरकत नाही.

मग माणूस दोनांपैकी एका टोकाला जातो. एक तर ‘आपल्यातच काही दम नाही’ म्हणून ब्रश धुऊन ठेवतो, नाही तर ‘लोकांना कलेची कदरच उरलेली नाही’ म्हणत जगावर रुसतो. मला दोन्ही पटत नाही. माझ्या मते घोळ साधा आहे. दाद देणारे आणि दाम देणारे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात, आणि आपण सगळी चित्रं पहिल्यांनाच दाखवत बसतो.

आपल्या चित्रांना दाद कोण देतं, ते एकदा नीट बघा. निम्मे लोक स्वतःच चित्रं काढणारे असतात. ‘आभाळाचा वॉश (म्हणजे पाणी मिसळलेल्या रंगाचा पातळ थर) काय सुरेख उतरलाय!’ हे वाक्य चित्रकारच लिहू शकतो. त्याची दाद खरी असते, जाणकाराची असते, पण त्याच्या स्वतःच्या पलंगाखाली न विकलेल्या चित्रांची चवड पडलेली असते. तो तुमचं चित्र कुठे लावणार? उरलेले निम्मे म्हणजे नातेवाईक, जुने वर्गमित्र, ऑफिसातली मंडळी. ती चित्राला नव्हे, तुम्हाला दाद देत असतात. त्यात वाईट काही नाही, उलट हौस टिकते ती याच मंडळींमुळे. पण त्या बेरजेवर विक्रीचा हिशेब मांडला की फसगत ठरलेली.

आता विकत घेणारा माणूस कसा वागतो ते पाहा. एखाद्या छोट्या प्रदर्शनात टेबलामागे दोन तास बसलात तर हे डोळ्यांनी दिसेल. तो येतो, सगळ्यांवरून नजर फिरवतो, एका चित्रापाशी थबकतो. थोडा मागे सरकतो. मग हळूच विचारतो, ‘हात लावू का?’ आणि चित्र उचलून पहिलं काय करतो, तर ते उलटं करतो! मागे चित्राचं नाव, तुमचं नाव, साल लिहिलंय का, टांगायला कडी आहे का, कागद नुसताच पुठ्ठ्याला चिकटपट्टीने डकवलाय का, हे तो बघतो. आपण चार आठवडे पुढच्या बाजूवर घालवलेले असतात आणि मागची बाजू उघडीबोडकी असते. कडी नसेल तर त्याच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो: आता हे फ्रेमवाल्याकडे न्यायचं, तो किती घेणार, कधी देणार... आणि ‘छान आहे हं’ म्हणून चित्र जागेवर परत जातं. ‘छान आहे हं’ हे शब्द ऐकले की समजावं, गिऱ्हाईक गेलं.

त्याच्या मनात असते ती सोफ्यावरची रिकामी भिंत, नाही तर बहिणीचं नवं घर. म्हणून फोटो टाकतानासुद्धा एक फोटो चित्राचा आणि एक ते भिंतीवर टांगलेलं असतानाचा, असे दोन टाकावेत. नुसत्या चित्राच्या फोटोवरून ते पोस्टकार्डाएवढं आहे की दाराएवढं, काही कळत नाही. मापं लिहा. फोटो खिडकीशेजारी सावलीत काढा, फ्लॅश नको. आणि किंमत लिहा! ‘किमतीसाठी मेसेज करा’ ही काय भानगड आहे, मला कधी उमगलेलं नाही. किंमत विचारून मग नाही म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून भिडस्त माणूस विचारतच नाही. आणि गिऱ्हाइकांत भिडस्तांचाच भरणा जास्त असतो.

इथे एक खरी गोष्ट सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात अ‍ॅना मेरी मोझेस नावाच्या बाई होत्या. जन्म 1860 चा, सारं आयुष्य शेतावर गेलेलं. भरतकाम करायच्या, पण सांधेदुखीने सुई धरवेना, म्हणून सत्तरी उलटल्यावर रंगांकडे वळल्या. एकदा जत्रेतल्या प्रदर्शनात त्यांनी आपली चित्रं ठेवली आणि सोबत घरचे मुरांबेही ठेवले. बक्षीस मिळालं मुरांब्यांना. चित्रांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे ती चित्रं हूसिक फॉल्स या गावातल्या औषधाच्या दुकानात, काचेमागे जाऊन बसली. लहान चित्राला तीन डॉलर, मोठ्याला पाच. 1938 मध्ये लुई कॅल्डर नावाचा एक संग्राहक त्या गावातून जाताना थांबला आणि दुकानातली सगळी चित्रं घेऊन वर पत्ता विचारत त्यांच्या घरी गेला. 1940 मध्ये न्यूयॉर्क शहरात त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं, तेव्हा बाई ऐंशीच्या होत्या. ‘ग्रँडमा मोझेस’ या नावाने त्यांना पुढे जगाने ओळखलं.

ही गोष्ट ‘कलेला वय नसतं’ म्हणून नेहमी सांगितली जाते. मला मात्र त्यातलं ते दुकान फार महत्त्वाचं वाटतं. जत्रेत चित्रं पाहणारे बहुधा आसपासचे, ओळखीचे लोक असावेत. दुकानाच्या काचेसमोरून अनोळखी माणूस गेला. आणि काचेमागे किंमत ठरलेली होती, मापाप्रमाणे. म्हातारीने नकळत दोन्ही गोष्टी बरोबर केल्या होत्या. कॅल्डरसारखा माणूस प्रत्येकाला भेटत नाही हे खरंच, पण काचेमागे चित्रच नसतं तर तोही थांबला नसता.

मापाप्रमाणे किंमत, हे जरा धरून ठेवा. हौशी माणसाची किंमत ठरवायची रीत म्हणजे मनाचा कौल. जे चित्र आवडतं त्याला जास्त, जे चटकन झालं त्याला कमी. गिऱ्हाइकाला हे कळणार कसं? शेजारी शेजारी तेवढ्याच मापाची दोन चित्रं आणि एकाची किंमत दुप्पट, हे बघून तो बिचकतो. त्यापेक्षा लांबी गुणिले रुंदी करावी, चौरस इंचाला एक दर ठरवावा, फ्रेमचा खर्च वेगळा धरावा, आणि वर्षभर त्याला चिकटून राहावं. एखादं चित्र जिवाच्या पलीकडे आवडत असेल तर ते विकूच नये. आणखी एक. गॅलरीमार्फत विकायचं तर ती किमतीचा मोठा वाटा घेते, कित्येक ठिकाणी निम्म्यापर्यंत. म्हणून दर ठरवतानाच तो वाटा धरून ठरवावा. गॅलरीत एक किंमत आणि घरी आलात तर निम्मी, असं केलं की गॅलरीवाला पुन्हा दारात उभा करत नाही, आणि त्याचं चूक नाही.

‘माझं काय, मी हौसेने करतो, फक्त कागदरंगाचा खर्च द्या,’ असं म्हणणारे फार भेटतात. हा विनय मला खटकतो. तुमची चूल दुसऱ्या पगारावर पेटते, ठीक आहे. पण त्याच प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर जो बसलाय त्याचं पोट कदाचित यावरच असेल. तुम्ही कागदाच्या भावात चित्र दिलंत की त्याच्यापुढे उभं राहून लोक म्हणतात, ‘पलीकडे तर एवढ्यात मिळतंय.’ हौस तुमची, झळ त्याला. फुकट द्यायचं तर खुशाल फुकट द्या, भेट म्हणून द्या. पण किंमत लावायची तर नीट लावा.

फुकटावरून आठवलं. ‘तू काढतोसच की, एक आमच्यासाठीपण काढ ना!’ हे आत्याने, मेव्हण्याने, शेजारच्या काकूंनी म्हटलं की भल्याभल्यांची वाचा बसते. नाही म्हणावं तर माज आला म्हणतात, हो म्हणावं तर तीन रविवार गेले. यावर मी पाहिलेला सर्वांत चांगला तोडगा एका बाईंचा. त्या हसून म्हणतात, ‘काढलेल्यांतलं हवं ते उचला, घरच्यांना निम्म्या दरात. सांगून काढायचं असेल तर पूर्ण दर.’ कुणी रागावत नाही. काही जण तर खरंच घेतात.

सांगून काढायच्या कामात, म्हणजे ऑर्डरीत, पैसा आहे. हौशी माणसाचं पहिलं विकलेलं चित्र पुष्कळदा याच वाटेने जातं. कुणाला आपल्या कुत्र्याचं हवं असतं, कुणाला गेलेल्या आजोबांचं. आजोबांचं काम सर्वांत अवघड. फोटो मिळतो तो लग्नाच्या घोळक्यातला, चेहरा नखाएवढा, त्यातही निम्मा सावलीत. तुम्ही मेहनतीने काढता आणि घरातले चौघं चार गोष्टी सांगतात: नाक एवढं मोठं नव्हतं, नजर अजून मायाळू होती. चौघांच्या आठवणीतले आजोबा चार असतात, त्याला चित्रकार काय करणार? म्हणून निम्मे पैसे आधी घ्यावेत, पेन्सिलीचं कच्चं रेखाटन दाखवून घरातल्या एकाच माणसाची मान्यता घ्यावी, आणि रंग चढल्यावर बदल किती वेळा करून मिळतील ते सुरुवातीलाच सांगून टाकावं. कोरडं वाटतं, पण मागाहून होणारी तणतण यानेच वाचते.

एक गोष्ट मात्र कानाआड करू नका. सरावासाठी आपण सगळेच कुणाकुणाचे फोटो समोर ठेवून चित्रं काढतो. इंटरनेटवरचा एखादा वाघ, एखादी म्हातारी. घरात ठेवायचं तोवर कुणाचं काही जात नाही. विकायला काढलं की तो फोटो ज्याने काढला त्याच्या हक्काचा प्रश्न येतो. कॉपीराइट कलाकृती तयार होताच लागू होतो. खाली त्याचं नाव छापलेलं असो वा नसो, त्याने नोंदणी केलेली असो वा नसो. विकायचं चित्र स्वतः पाहिलेल्या, स्वतः टिपलेल्या गोष्टीवरून काढावं, नाही तर परवानगी मागावी. हाच नियम तुमच्याही बाजूने चालतो बरं का: चित्र विकलं म्हणजे त्याच्या छापील प्रती काढून विकायचा हक्क आपोआप गेला, असं सर्वसाधारणपणे होत नाही.

रंगांचंही तसंच. चांगल्या रंगांच्या ट्यूबवर रंग उजेडात किती टिकतो त्याची खूण बहुधा छापलेली असते. झगमगीत निऑन रंग आणि काही जुने तांबडे उन्हाच्या भिंतीवर पाहता पाहता विटतात. ज्याने पैसे मोजलेत त्याला फिकट गुलाबी झालेला सूर्यास्त देऊ नये.

आता राहिलं ते न विकलेल्या चवडीचं. ‘व्हॅन गॉगचंसुद्धा जिवंतपणी एकच चित्र विकलं गेलं’ म्हणून आपण एकमेकांचं सांत्वन करतो. ते तितकंसं खरं नाही. 1882 मध्ये त्याच्या काकाने त्याला हेग शहराची रेखाचित्रं काढायचं काम दिलं होतं, आणि त्याचे पैसेही दिले होते. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक घरातलंच! ज्या चित्राचा बोलबाला होतो, ते लाल द्राक्षमळ्याचं चित्र 1890 मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनातून 400 फ्रँकला घेतलं ते अ‍ॅना बोक यांनी. त्या स्वतः चित्रकार, आणि त्याच्या मित्राची बहीण. दाद देणारे बहुतेक वेळा दाम देत नाहीत असं मी मघाशी म्हणालो खरं, पण कधीकधी देतात ते असे.

आणि दाम नाही, तर व्हॅन गॉग चित्रांच्या बदल्यात चित्रं घ्यायचा. गोगँ, बर्नार अशा चित्रकार मित्रांशी त्याने स्वतःची व्यक्तिचित्रं अदलाबदल केली होती. हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. तुमच्या चित्राखाली ‘वॉश सुरेख उतरलाय’ असं लिहिणारा जो कुणी आहे, त्याचं कुठलं चित्र तुम्हाला आवडतं ते त्याला कळवा आणि सरळ विचारा, बदली करतोस का? मापाला माप लावून करा, म्हणजे कुणाच्या मनात काही राहत नाही. पलंगाखालचं एक कमी होईल आणि भिंतीवर एक येईल. पाठवताना मागे नाव, साल आणि कडी तेवढी विसरू नका. नमस्कार.