जावळाची रील

(दृश्य: सांगलीतलं एक घर, अंगणात पाट मांडलेला)

जावळाचा कार्यक्रम. पोरगं मामाच्या मांडीवर. वस्तरा डोक्याला लागला, तसं त्यानं भोकाड पसरलं. समोर चार मोबाईल. "मामा, जरा इकडं फिरव की त्याला, तोंड दिसंना!" न्हावी वस्तरा वर धरून थांबलाय. आज्जी वैतागते, "आधी पोराचं आटपा, मग तुमचं शूटिंग."

पोराची अंघोळ व्हायच्या आत रील इन्स्टाग्रामवर. खातं पोराच्याच नावाचं, वय दीड वर्ष. तिथं खातं काढायला तेरा पूर्ण लागतात. त्याआधीचं खातं आई-वडील चालवतात, असं तिथं स्पष्ट लिहावं लागतं.

यात वाईट हेतू कुणाचाच नाही. पुण्यातल्या आत्याला, दुबईतल्या काकाला तेवढंच बघायला मिळतं. पण खातं सगळ्यांसाठी खुलं असलं, की बघणारे फक्त आत्या आणि काका नसतात.

(दृश्य: शाळेचा पहिला दिवस)

जूनमध्ये हीच पोरं गणवेशात दिसतात. शर्टावर शाळेचा बिल्ला, गळ्यात ओळखपत्र, मागं रिक्षाचा नंबर. पंधरा सेकंदांत नाव, शाळा, इयत्ता, सगळं अनोळखी माणसाच्या हातात. कौतुकाच्या भरात हे कुणी झूम करून बघत नाही. बघणारा बघतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला कंपन्यांना पालकांची संमती लागते. म्हणजे राखणीला आई-वडीलच. आणि माणसानं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती या कायद्यातून वगळलेली. राखणदारच वाटत सुटला, तर पोरानं दाद कुठं मागायची? फ्रान्सनं 2024 मध्ये मुलांच्या छबीचा हक्क जपायची जबाबदारी आई-वडिलांवर टाकली आणि वय, समज बघून मुलालाही त्यात सामील करून घ्यायला सांगितलं.

(दृश्य: विश्रामबागेतला एक फ्लॅट)

इथली सातवीतली मुलगी फ्रान्सच्या कायद्यासाठी थांबली नाही. तिचा लहानपणीचा, नाक गळतानाचा व्हिडिओ वर्गात फिरला. बाबांनी तो काढून टाकला, पण तोवर तो कुणाकुणाच्या फोनमध्ये गेला होता. आता टाकण्याआधी तिला दाखवायचं, असं ठरलंय. यंदा वाढदिवसाचे फोटो तिनं एकेक करून बाद केले.

"एवढा खर्च केला, एक तरी टाकू दे की," बाबा म्हणाले.

केकचा पास झाला.