तुरटी, कर्ज आणि कट्यार

नमस्कार श्रोतेहो.

तुरटी तुमच्या घरात असेलच. दाढी झाली की गालावरून फिरवायची, पाणी गढूळ आलं की हंड्यात फिरवायची. पंधराव्या शतकातल्या इटलीत या तुरटीवर मोठमोठ्या सावकारांचा डोळा असे, कारण तिच्याशिवाय लोकरीवर रंग पक्का बसत नसे. आणि फ्लॉरेन्स शहर तर कापडावर आणि सावकारीवरच गब्बर झालेलं. १२५२ सालापासून त्याचं सोन्याचं नाणं, फ्लोरिन, दूरदूरच्या बाजारात चालायचं.

इटली तेव्हा एक देश नव्हता. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स आणि पोपचं राज्य, असे पाच तगडे शेजारी. एकानं गाव घेतलं की दुसऱ्याच्या पोटात दुखायचं.

असंच एक गाव इमोला. पोप चौथे सिक्स्टस यांना ते आपल्या भाच्यासाठी हवं होतं. मिलानच्या ड्यूकनं किंमत सांगितली ४० हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी. पोपचे सावकार म्हणजे फ्लॉरेन्सचे मेदिची. पण इमोला फ्लॉरेन्सच्या व्यापाराच्या वाटेवर. ते पोपच्या हाती जाऊ नये, म्हणून घराण्याचा प्रमुख आणि शहराचा खरा कारभारी लोरेन्झो मेदिची यानं टाळाटाळ केली, कर्ज दिलं नाही. फ्लॉरेन्सच्याच दुसऱ्या सावकारांनी, पात्सी घराण्यानं दिलं. पोपनी आपलं खातं पात्सींकडे नेलं, पुढे तुरटीचा मक्ताही तिकडेच गेला. कर्ज दिलं नाही, श्रोतेहो, तिथून हे वैर चिघळलं.

मला तर वाटतं, शाळेत लढायांच्या सनावळ्या थोड्या कमी कराव्यात आणि मुलांना जुन्या सावकारांच्या चोपड्या वाचायला द्याव्यात. हिशेब वाचता आला की माणूस वर्तमानपत्रसुद्धा नीट वाचतो. असो.

आता २६ एप्रिल १४७८. रविवार. फ्लॉरेन्सचं मोठं चर्च माणसांनी भरलेलं. लोरेन्झो आलाय, पण त्याचा धाकटा भाऊ जुलिआनो घरीच, पाय दुखतोय. दोघे भाऊ एकदमच मारायचे, हा पात्सींच्या कटाचा बेत. मग फ्रान्चेस्को पात्सी आणि कटातला साथीदार बांदिनी जुलिआनोला घरून घेऊन येतात. वाटेत गप्पा, हसणं. फ्रान्चेस्को जिवलग मित्रासारखी त्याला मिठी मारतो, आणि तेवढ्यात चाचपून घेतो, आत चिलखत आहे का. चिलखत नाही.

लोरेन्झोला मारायचं काम एका कसलेल्या शिपायाकडे होतं. त्यानं ऐन वेळी सांगितलं, चर्चमध्ये मी रक्त सांडणार नाही. शिपाई मागे हटला, आणि पुढे कोण आले? दोन पाद्री!

प्रार्थना चालू असतानाच कट्यारी निघाल्या. जुलिआनोच्या अंगावर १९ घाव. फ्रान्चेस्को इतका बेभान झाला की त्यानं स्वतःच्याच मांडीत कट्यार खुपसली. पाद्र्याचा वार मात्र लोरेन्झोच्या मानेला चाटून गेला. त्यानं झगा हातावर गुंडाळला, कठडा ओलांडला, बाजूच्या खोलीत शिरला, आणि मित्रांनी ब्राँझचे जड दरवाजे धाडकन लावून घेतले. पातं विषारी असेल म्हणून एका तरुण मित्रानं तोंडानं ती जखम चोखून काढली. बाहेर जुलिआनो पडला होता, आणि आत लोरेन्झो पुन्हापुन्हा विचारत होता, जुलिआनो कुठे आहे? उत्तर कुणाच्यानं देववेना.

शहर मेदिचींच्या बाजूनं उठलं. कटात सामील असलेल्या आर्चबिशपला सरकारी वाड्याच्या खिडकीतून फाशी दिली. पोप आणि नेपल्सनी फ्लॉरेन्सवर युद्ध पुकारलं; अखेर लोरेन्झो स्वतः शत्रूच्या दारात, नेपल्सला गेला आणि १४८० मध्ये तह घेऊन परतला.

बांदिनी मात्र थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पळाला होता. तिथल्या तुर्की सुलतानानं त्याला पकडून परत पाठवलं. डिसेंबर १४७९ मध्ये त्याला फाशी झाली, तेव्हा तिथे कागद घेऊन एक २७ वर्षांचा चित्रकार उभा होता, लिओनार्डो दा विंची. त्यानं लोंबकळणारा देह रेखाटला, आणि शेजारी कपड्यांचे रंग बारीक अक्षरात टिपून ठेवले: टोपी तपकिरी, अंगरखा निळा, आतून कोल्ह्याच्या कातड्याचं अस्तर.