लाकूड, माती, लोखंड आणि टायमर

(दृश्य : शेजारी शेजारी चार संगणक)

इंदूरच्या रामबागेतील या खोलीत चार पडद्यांवर ब्राउझरमध्ये खेळायचे चार खेळ एकाच वेळी चालू आहेत. एकावर अंतराळ आहे, दुसऱ्यावर रोमन काळातील खेडे, तिसऱ्यावर मध्ययुगीन गढी आणि चौथ्यावर ग्रीक बेट. चित्रांवरून नजर काढून वरच्या पट्टीकडे पाहिले, तर मात्र फरक शोधावा लागतो. ‘ओगेम’मध्ये धातू, स्फटिक आणि ड्यूटेरियम हे इंधन साठवायचे, ‘ट्रायबल वॉर्स’मध्ये लाकूड, माती आणि लोखंड, ‘ट्रॅव्हियन’मध्ये याच तिघांना धान्याची जोड, ‘ग्रेपोलिस’मध्ये लाकूड, दगड आणि चांदीची नाणी. कोठार वाढवायचे, सैन्य उभे करायचे, दुबळ्या शेजाऱ्याला लुटायचे आणि या प्रत्येक कामासमोर सेकंद मोजणारा टायमर पाहत बसायचे, हा क्रम चारही ठिकाणी सारखाच आहे.

(दृश्य : कोडच्या सरकत्या ओळी)

‘ओगेम’ २००२ चा, ‘ट्रायबल वॉर्स’ २००३ चा, ‘ट्रॅव्हियन’ २००४ चा. तिन्ही जर्मनीत तयार झालेले. त्यांच्यातील साम्य केवळ नकलेतून आलेले नाही. त्या काळी ब्राउझर आणि सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा दूरचा संगणक, यांचा संबंध पान उघडण्यापुरता असे, आणि पान पाठवून झाले की सर्व्हरच्या लेखी खेळाडू निघून गेलेला असे. अशा माध्यमात सतत चालणारी लढाई दाखवणे जवळजवळ अशक्य होते. त्यावर निघालेली तोड खरोखर हुशारीची होती. खाणीचे उत्पादन क्षणाक्षणाला मोजायचेच नाही. खेळाडू शेवटचा केव्हा आला होता एवढीच नोंद ठेवायची आणि तो परतला की मधल्या तासांना उत्पादनाच्या दराने गुणायचे. कूच केलेले सैन्य म्हणजे डेटाबेसमधील एक ओळ, जिच्यात पोहोचण्याची वेळ लिहिलेली असते. ती वेळ भरली की दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा हिशेब होतो आणि लढाईचा अहवाल खेळाडूच्या हाती पडतो. रणांगण कधी दिसतच नाही.

खेळाचा वेगही असाच गणिताने बांधलेला आहे. ‘ओगेम’च्या मूळ सूत्रात धातूच्या खाणीची किंमत प्रत्येक पातळीला दीडपट होते. पहिल्या पातळीला ६० धातू लागतात आणि ती खाण तासाला ३३ धातू देते. विसाव्या पातळीला सुमारे १,३३,००० धातू लागतात आणि उत्पादन मात्र तासाला सुमारे ४,००० इतकेच राहते. म्हणजे खाणीची किंमत तिच्याच उत्पादनातून भरून यायला आधी दोन तासही लागत नव्हते, तिथे पुढे जवळजवळ दीड दिवस लागतो. ही वाट पाहणे पैसे घेऊन कमी करता येते, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले, आणि तेव्हापासून टायमर ही अडचण न राहता विक्रीची वस्तू झाली.

पुढे ‘एक्सनोव्हा’ आणि त्यातून निघालेला ‘टूमून्स’ असे ‘ओगेम’सारख्या खेळाच्या कोडचे तयार सांगाडे इंटरनेटवर मोकळे मिळू लागले. चित्रे आणि नावे बदलली की नवा खेळ उभा राहू लागला. कायदाही आड येत नव्हता. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही, आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. हे योग्यच म्हटले पाहिजे, नाहीतर बुद्धिबळाचाही कोणी धनी निघाला असता.

टायमर संपण्याची किंवा हल्ल्याची वेळ गाठायला रात्री तीनचा गजर लावून उठणारी मुले, मागे पडलेला अभ्यास आणि गेलेले पैसे ही या व्यवहाराची दुसरी बाजू आहे.

तांत्रिक सबब मात्र केव्हाच संपली. २०११ साली वेबसॉकेट या संपर्कपद्धतीचे मानक ठरले आणि सर्व्हरशी अखंड संबंध ठेवणे सोपे झाले. त्याच वर्षी वेबजीएल या चित्रणाच्या मानकामुळे ब्राउझरला त्रिमिती चित्रणही जमू लागले. तरीही पट्टी तीच आहे आणि टायमरही तोच.

(दृश्य : जाजमावर पसरलेला माळव्याचा नकाशा, कवड्या आणि चिंचोके)

याच घरातील पुढच्या खोलीत काही विद्यार्थी जाजमावर कागद पसरून आपल्या संगणक-खेळासाठी वेगळ्या नियमांचा शोध घेत आहेत. राजवाड्यावरून रोज जाणाऱ्या या मुलांना रोमन खेड्याची उसनवारी नको आहे. त्यांच्या खेळात कवडी म्हणजे घोडदळाची तुकडी आणि चिंचोका म्हणजे गावाचा वसूल. गाव एकदा लुटून मोकळे होता येत नाही. तेथून चौथ, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, घ्यायचा आणि त्याबरोबर रक्षणाची जबाबदारीही पत्करायची. दुसरी फौज आली आणि तुम्ही धावून गेला नाहीत, तर पुढच्या वर्षी ते गाव चौथ नाकारते. स्वारी दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतरच निघते आणि पावसाच्या आत छावणीला परतते. उशीर झाला तर नर्मदेला पूर येतो आणि फौज पैलतीरी अडकून पडते. लेव्हल वाढवण्याची सोय येथे नाही. घोड्यांना चारा लागतो आणि एका परगण्यात फार दिवस तळ दिला, तर चारा संपतो. सैन्याच्या पोटाचा विचार ‘ट्रॅव्हियन’नेही केला आहे, तेथे धान्य संपले की सैनिक मरतात, आणि त्या खेळातील ही सर्वांत चांगली गोष्ट या मुलांनी मोकळेपणाने घेतली आहे.

खेळाडू झोपलेला असताना हल्ला झाला तर काय करायचे, हा जुनाच प्रश्न त्यांनाही सुटलेला नव्हता. त्यावर त्यांनी कारभारी नेमला आहे. जाण्यापूर्वी त्याला सूचना देऊन ठेवायच्या: लढायचे, खंडणी देऊन वेळ मारून न्यायची, की मुलूख सोडून निघायचे. या पात्राचा कोड आता लिहून होत आला आहे. कारभाऱ्याला फितुरीची मुभा असावी की नाही, यावर मात्र त्यांच्यात अजून एकमत झालेले नाही.